आयन की इलेक्ट्रॉन?
चकतीसारख्या रेणूंच्या द्रव स्फटिकांवरच्या लेखात त्यांची मोबिलिटी (विद्युतक्षेत्रात प्रभार किती वेगाने सरकतो ते) टाइम-ऑफ-फ्लाइटने, म्हणजे प्रभाराला नमुना पार करायला लागणाऱ्या वेळावरून, मोजल्याचं आहे, पण खरी गोम राहिली: वाहतंय काय, आयन की इलेक्ट्रॉनिक प्रभार? समजा, १५ मायक्रॉनचा सेल (दोन काचांमधली नमुन्याची फट), ३० व्होल्ट, पार व्हायला ७५ मायक्रोसेकंद. अंतराचा वर्ग भागिले (व्होल्ट × वेळ), म्हणजे १०⁻³ सेमी²/व्होल्ट-सेकंद. अंतराचा वर्ग येतो, म्हणून रिकाम्या सेलची जाडी आधीच मोजा. उत्तर १०⁻⁵ किंवा खाली आलं आणि तापमानाबरोबर झपाट्याने वाढलं, तर अशुद्धीतल्या आयनांवर संशय घ्या. थोडं हायड्रोकार्बन मिसळून बघा: चिकटपणा उतरून वेग वाढला तर आयनच. आणि इथे चकत्या एकावर एक रचून झालेले स्तंभ काचेला उभे हवेत (आयसोट्रॉपिक, म्हणजे साध्या द्रव अवस्थेतून सावकाश थंड करून), ट्रान्झिस्टरला मात्र आडवे. हे आकडे तिथे थेट लावणं चूक.