राणीचं पंचांग वेगळं

आमचे आजोबा मिरज स्टेशनवर टांगा चालवायचे. पुढे रिक्षा आल्या, टांगा गेला, पण घोड्याचं वेड काही घरातनं गेलं नाही, पप्पांनी टांगा विकून लग्नाची बग्गी घेतली आणि मी बँकेत काउंटरला लागले. सगळं कसं रांगेला लागलं होतं. मग मागच्या मे महिन्यात ऐन दाट तिथीला पप्पांची कंबर धरली आणि पप्पा पलंगावरून म्हणाले, "अगं लहानपणापास्नं लगाम धरतीस की तू, एक श्रीवंदन तर हाय, नवरदेवाला घेऊन मारुतीला जायचं आणि यायचं."

एक श्रीवंदन तर हाय!

आता आमची जोडी सांगते. डावीकडे राणी, पांढरी नुकरा घोडी, गुलाबी नाक, घारे डोळे, आणि आपण कोण आहोत याची पूर्ण कल्पना. उजवीकडे सुलतान. हा रेसचा घोडा, थरोब्रेड, आणि खच्ची केलेला. पळायच्या वयात हा राखाडी होता म्हणे, अशा रंगाची घोडी वय वाढेल तशी पांढरी होत जातात, आपल्या डोक्यासारखीच, म्हणून बारा-तेरा वर्षांचा होईपर्यंत राणीला अगदी मॅचिंग झाला. गिऱ्हाइकाला एवढंच पाहिजे असतं. दोन पांढरी घोडी शेजारी दिसली की फोटो झाला, आत काय चाललंय ते हाकणाऱ्यानं बघायचं.

बँकेत टार्गेटची मीटिंग झाली की आमच्यातले सगळे पुरुष "आमचं मानसिक खच्चीकरण चाललंय" म्हणून चहा पितात. मी गप्प बसते. आमच्या दारात खरोखरचा खच्ची उभा आहे आणि त्याच्याइतका समाधानी प्राणी मी बघितलेला नाही. सकाळी खरारा, मग चंदी, मग राणीच्या शेपटीच्या वाऱ्यात डुलकी. फक्त एक भानगड आहे. त्याला लहानपणी नाही, रेसमध्ये मस्ती करायला लागल्यावर चौथ्या वर्षी खच्ची केलं, आणि आमचे जनावरांचे डॉक्टर म्हणतात की असं उशिरा केलं तर शरीरातलं जातं पण डोक्यातली सवय कधीकधी राहते. थोडक्यात रिटायर झालेला मॅनेजर रोज अकराला ब्रँचमध्ये येऊन बसतो तसं.

जोडी हाकणं म्हणजे दोन घोडी हाकणं नव्हे हे आधी सांगते. मध्ये लाकडी दांडा असतो, दोन्हीकडून चामड्याची जोती बग्गीला बांधलेली, आणि हातात लगाम दोनच, पण पुढे जाऊन प्रत्येकाच्या दोन शाखा होतात, एक या घोड्याला, एक पलीकडच्याला. त्या आतल्या शाखेचं बकल एक भोक इकडं-तिकडं झालं की एक घोडा पुढं आणि एक मागं. राणी अर्धं पाऊल मागं चालणार हे ठरलेलं. बघणाऱ्याला वाटतं काय ओढते बाई, आणि जोत बघाल तर सैल! ती नुसती चालत असते. सगळा भार सुलतानवर, आणि तो बिचारा घाम गाळत तिच्याकडं तिरका बघत ओढतोय. पप्पा सुलतानचं बकल दोन भोकं आखडून त्याला मागं धरतात, मग ती नाइलाजानं ओढते.

आणि खरी अडचण ही की घोड्या दिवस मोठे व्हायला लागले की माजावर येतात. साधारण एकवीस दिवसांचं चक्र, त्यात पाच-सहा दिवस माजाचे. म्हणजे नेमका आपला चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. आपल्या लोकांनी लग्नाचे मुहूर्त आणि राणीनं तिचे मुहूर्त एकाच सीझनला काढले याला काय करणार. बाकीचे पंधरा दिवस सुलतान जवळ आला तरी ती कान पाडून लाथ दाखवते, आणि त्या पाच दिवसांत त्याच्यावर रेलून चालते. तो दोन्ही वेळा सारखाच गोंधळलेला.

तर त्या दिवशी मुहूर्त बारा पस्तीसचा, श्रीवंदन साडेदहाला. पप्पांनी दहा वेळा बजावलं होतं, बाराच्या आत घोडी सावलीत पाहिजेत, पारा सदतीसच्या वर असला तर बारा ते तीन गाडीला जनावर जुंपायचं नाही असा १९६५ पासून सरकारी नियमच आहे. आणि मी बँकवाली, नियम म्हटलं की मान खाली. निघताना राणी दांड्याशी दोनदा थांबली, शेपूट बाजूला केली, थोडं थोडं मुतली. ती माजावर आलीय हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. मी मात्र बग्गीच्या प्लॅस्टिकच्या फुलांवरची धूळ पुसत होते.

मारुतीचं देऊळ शंभर पावलांवर राहिलं, हलगी टिपेला पोचलेली, करवल्या नाचतायत, आणि समोरनं दुसरं श्रीवंदन आलं. त्यांचा नवरदेव नाचणाऱ्या मारवाडी घोड्यावर. कानांची टोकं एकमेकांना भिडलेली, छाती काढलेली, आणि हा काही खच्ची नव्हता. त्यानं एक हाळी दिली. राणी गच्च थांबली. डोळ्यांना झापडं आहेत हो, पण नाकाला आणि कानाला कोण झापड लावणार? तिनं किंचाळून उत्तर दिलं आणि दोन पैठण्यांच्या साक्षीनं भर रस्त्यात मूत सोडलं.

नवरदेवाचे मामा म्हणाले, "ओ ताई, घोडी आजारी हाय काय?"

"नाही हो मामा, जरा उन्हाचं," मी म्हटलं. खोटं बोलायची सवय नाही, काउंटरवर सर्व्हर डाऊन सोडून.

आणि तेवढ्यात आमचा सुलतान जागा झाला. इतकी वर्षं डुलक्या काढणारा हा गडी, कान मागं, मान सापासारखी लांब, राणीच्या मानेवर मान टाकून तिला डावीकडं रेटायला लागला, म्हणजे चल घरी, इथं थांबायचं नाही. दांडा वळला, पुढची चाकं बग्गीच्या पोटात, आणि आख्खी वरात सोडून आम्ही रसवंतीगृहात. रेटलेलं राणीला आवडलं नाही, तिनं लाथ झाडली, पाय गेला जोतावरनं पलीकडं. मी एका हातानं लगाम ओढतीय, आमच्या हाताखालचा पोरगा बकल सोडतोय, हलगीवाल्यांना वाटलं हा घोड्यांचा डान्स, त्यांनी ताल वाढवला.

नवरदेव शांत माणूस. शेरवानी सावरत उतरला, म्हणाला, "ताई, मी चालत जातो, तुम्ही या सावकाश." तो पुढं, करवल्या मागं, हलगी मागं, आणि पाय सुटल्यावर सगळ्यात शेवटी रिकामी बग्गी घेऊन मी. वरातीमागून घोडं ही म्हण मी शाळेत पाच मार्कांना लिहिली होती, आता प्रॅक्टिकल झालं. सुलतानच्या तोंडात रसवंतीतली दोन चिपाडं होती आणि तो अत्यंत प्रसन्न होता.

पैसे त्यांनी पूर्ण दिले, हे सांगायला पाहिजे.

तेव्हापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी राणीच्या तारखा लाल पेनानं मांडते आणि पप्पा बुकिंग घेताना आधी तिकडं बघतात. परवा एक काका सोळा आणि एकवीस अशा दोन तारखा घेऊन आले. पप्पांनी कॅलेंडर बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि गंभीरपणे म्हणाले, "सोळा धरू नका. एकवीस निर्विघ्न हाय." काकांनी हात जोडले. काल ते परत आले, सोबत धाकट्या मुलीची पत्रिका, म्हणाले भटजींनी मंगळ सांगितलाय, तुम्ही एकदा बघा. पप्पा पत्रिका हातात घेऊन माझ्याकडं बघतायत, आणि मागं तबेल्यात राणी भिंतीला लाथा घालतीय.