कमी ऐकू येतं, त्याचे फायदेही आहेत

मला कमी ऐकू येतं म्हटलं की समोरचा लगेच हळहळतो. तोटे आहेतच. फोनवर दमछाक होते, लग्नाच्या हॉलमध्ये तासाभरात डोकं जड होतं. पण फायद्यांबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून लिहितेय.

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे माणसं माझ्यासमोर येऊन बोलतात. आमच्या घरी स्वयंपाकघरातून हॉलमध्ये हाका मारणं बंद झालंय. सून आधी मिक्सर बंद करते, समोर येते, नजरानजर झाली की मगच बोलते. नातू तर माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवतो आणि शाळेतली भांडणं सांगतो. मोबाइलमध्ये डोकं घालून माझ्याशी बोलताच येत नाही कुणाला. किती घरांत आजीच्या वाट्याला एवढं लक्ष येतं, सांगा!

माझा दोष आतल्या कानाचा. तिथल्या केसांसारख्या बारीक पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. बहुतेकांचे वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. स, श, फ निसटतात. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. म्हणून ओरडून उपयोग नसतो. ओरडलं की स्वर तेवढे मोठे होतात आणि ओठ वेडेवाकडे होतात. कानाचं मशीन लावूनही जे सुटतं ते मी ओठांवरून टिपते, पण तेही पुरत नाही. आवाज न काढता आरशासमोर ‘मामा, बाबा, पापा’ म्हणून बघा, तिन्ही सारखेच दिसतात. मग डोळे, भुवया, हात, चाललेला विषय, सगळं धरून अर्थ लावावा लागतो.

ही सवय फार मोलाची आहे. भिशीत एक मैत्रीण ‘मजेत’ म्हणाली तेव्हा तिने खालचा ओठ दाताखाली धरला होता. बाकीच्या गप्पांना लागल्या. मी तिच्याजवळ बसून राहिले, आणि मग ती बोलली.

आणि शांतता! आमच्या नाशिकच्या द्वारका चौकातून रिक्षाने जाताना मी मशीनचा आवाज बंद करते. रात्री मशीन डबीत ठेवलं की शेजारच्या टीव्हीचा त्रास नाही. विसर्जनाला मेन रोडवर नाशिक ढोल मात्र मला अजून पुरेपूर मिळतो, कारण तो छातीत वाजतो. तिथेही मी लांबच उभी राहते. मशीन काढलं म्हणजे कान सुरक्षित झाला असं नाही, मोठा आवाज उरलेल्या पेशीही मारतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती पाळली जावी असं ज्यांना नीट ऐकू येतं त्यांनाच जास्त वाटायला हवं.

ज्यांना नुकतंच कमी ऐकू यायला लागलंय त्यांनी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढून घ्या, लाजू नका. दोन्ही कानांत ६० डेसिबल किंवा त्याहून जास्त घट असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करता येतो. आणि घरच्यांनो, बोलताना तोंडावर हात नको, घास तोंडात असताना बोलणं नको, आणि खिडकीकडे पाठ करून बसू नका. पाठीमागून उजेड आला की तुमचा चेहरा आम्हाला नुसता काळा दिसतो.