विषय आक्रसतो, शीर्षक लांबते

पीएच.डी.चा विषय निवडताना उमेदवाराला जे स्वातंत्र्य असते, ते पूर्वीच्या काळी उपवर मुलीला असे तेवढेच असते: होकार देण्याचे. पेट ही पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर पहिला शोध विषयाचा नव्हे, मार्गदर्शकाचा सुरू होतो. नियमाप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. त्यामुळे विद्यापीठाच्या आवारात ‘तुमचा विषय काय?’ याच्या कितीतरी आधी ‘कोणाकडे जागा आहे?’ असे विचारले जाते. जागा असलेल्या सरांचा अभ्यास ग्रामीण कादंबरीचा असेल, तर ग्रामीण कादंबरीवर आपले लहानपणापासून प्रेम असल्याचे उमेदवाराला त्याच दुपारी आठवते.

मला लाभलेले सर याबाबतीत उदार होते. “विषय तुमचा तुम्ही आणा, मात्र तो अर्थपूर्ण असावा,” एवढेच त्यांनी सांगितले. अर्थपूर्ण म्हणजे काय, हे पुढच्या भेटींमध्ये हळूहळू उलगडत गेले. तो समाजाला उपयोगी असावा, पूर्वी कोणी हाताळलेला नसावा, तरीही त्याच्यावर संदर्भग्रंथ भरपूर असावेत, आणि तो सहा वर्षांच्या कमाल मुदतीत आटोपणारा असावा. महिला उमेदवारांना नियमाने आणखी दोन वर्षांची सवलत मिळते. ती मंजूर करणाऱ्यांनी आमच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांची संख्या विचारात घेतली असावी, असे मला वाटते.

मी सरांपुढे ‘दिवाळी अंक आणि मराठी कथा’ हा विषय ठेवला. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये काढलेल्या पहिल्या दिवाळी अंकापासून आजवर, दरवर्षी शेकड्यांनी निघणाऱ्या या अंकांनी मराठी कथेला काय दिले आणि तिच्याकडून काय हिरावून घेतले, हे मला पाहायचे होते. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, “मॅडम, हा विषय नाही, हे आयुष्य आहे. मर्यादा घाला.”

मर्यादा घालणे म्हणजे काय, हे ज्याने विषयाचा आराखडा लिहिला आहे त्यालाच कळेल. प्रथम कालखंडाची मर्यादा आली आणि शंभरांहून अधिक वर्षांची दहा वर्षे झाली. मग प्रदेशाची आली आणि महाराष्ट्राचा एक जिल्हा उरला. मग ‘निवडक’ हा शब्द आला, ज्याच्या आश्रयाने न मिळालेले सर्व अंक न निवडलेले ठरतात. शेवटी ‘चिकित्सक अभ्यास’ आला, कारण त्याच्याशिवाय शीर्षक उघडे दिसते. विषय जसजसा आक्रसत जातो, तसतसे त्याचे शीर्षक लांबत जाते, हा नियम मी याच काळात स्वतंत्रपणे शोधून काढला; पण त्याच्यावर पदवी मिळत नाही.

उरलेले काम शोधगंगेने केले. देशभरच्या विद्यापीठांतील प्रबंध या एका संकेतस्थळावर वाचायला मिळतात, ही सोय मोठीच आहे. परंतु आपल्याला सुचलेली अभूतपूर्व कल्पना तिथल्या शोधपेटीत टाइप करून पाहणे हा अनुभव दुबळ्या मनाच्या माणसाने एकट्याने घेऊ नये. दिवाळी अंकांतील कथा झाली होती, कविता झाली होती, स्त्रीचित्रणही झाले होते. या गर्दीत ‘संशोधनातील पोकळी’ दाखवावी लागते. बरीच चाळवाचाळव केल्यावर मला ती सापडली: वार्षिक राशिभविष्याची भाषा. ‘प्रवासयोग संभवतो, प्रकृतीस जपावे’ या गद्याइतके आस्थेने वाचले जाणारे मराठी गद्य दुसरे नसेल, आणि त्याच्यावर प्रबंध मला दिसला नव्हता.

नातेवाइकांनी अर्थातच त्याचा उपयोग विचारला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनच्या प्रबंधासाठी रुपयाचा प्रश्न घेतला होता, त्याचा उपयोग कोणालाही समजतो. राशिभविष्याच्या भाषेची बाजू मांडताना माझी दमछाक झाली. मग मी इरावती कर्वे यांचा दाखला देऊ लागले. त्यांनी बर्लिनमध्ये मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेवर प्रबंध लिहिला. या असमानतेचा वंशाशी संबंध असून युरोपीय कवटी वेगळी ठरते, असे त्यांच्या मार्गदर्शकाला वाटत होते. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही, असे त्याच मार्गदर्शकाला लिहून दिले. विषय दिसायला कवटीएवढा असला, तरी निष्कर्ष केवढा मोठा निघू शकतो, हे मला सुचवायचे असे. ऐकणाऱ्यांच्या लक्षात मात्र फक्त कवटी राहत असे.

खरा प्रश्न सासूबाईंनी विचारला. त्या अनेक वर्षे वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेच्या सभासद आहेत. “अगं, पण भविष्याची पानं तुला मिळणार कुठं?” त्या म्हणाल्या. “ती सगळ्यात आधी जातात.” वाचनालयाच्या माळ्यावरचे गठ्ठे सोडवल्यावर त्यांचे म्हणणे शब्दशः खरे ठरले. अनुक्रमणिकेत भविष्य होते, अंकात नव्हते. काही पाने घाईने फाडलेली होती, काही कात्रीने नीट कापलेली होती, आणि एका वाचकाने केवळ आपली तूळ रास नेऊन बाकीच्यांची सोय पाहिली होती. तिथे पोकळी का होती, ते मला त्या माळ्यावर कळले.

त्या गठ्ठ्यांमध्ये एकच गोष्ट पूर्ण शाबूत होती, ती म्हणजे जाहिराती. त्या कोणीही कापून नेल्या नव्हत्या. सहकारी बँका, साखर कारखाने, पतसंस्था, सराफ आणि बांधकाम व्यावसायिक यांच्या दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा, खाली अध्यक्षांचे छायाचित्र आणि संपूर्ण संचालक मंडळाची नावे, असा तो ऐवज होता. दुष्काळावरच्या कवितेच्या शेजारी एका कारखान्याने विक्रमी गाळपाबद्दल सभासदांचे अभिनंदन केले होते. कर्जबाजारी शेतकऱ्याच्या कथेखालच्या रिकाम्या चौकटीत ‘सुलभ व्याजदर, तत्पर सेवा’ असे छापले होते. एका संस्थेच्या छायाचित्रात एका वर्षी वडील होते, पुढल्या वर्षी चिरंजीव होते, आणि त्यानंतर ती जाहिरातच नव्हती. मराठी कथेचा खर्च इतकी वर्षे कोण करत होते आणि ते कथेला ठाऊक होते का, हा प्रश्न मला कुठल्याही पुस्तकातून मिळाला नसता. सरांनीही या वेळी चष्मा काढला नाही.

संशोधन व मान्यता समितीपुढे आराखडा गेला तेव्हा एका सदस्यांना हा वाणिज्य शाखेचा विषय वाटला आणि दुसऱ्यांना वृत्तपत्रविद्येचा. तिसऱ्या सदस्यांनी बराच वेळ खिडकीबाहेर पाहून विचारले, “जाहिराती तर गणेशोत्सवाच्या स्मरणिकांतही असतात. मग त्या का नाहीत?” यावर अर्धा तास गंभीर चर्चा होऊन विषयाला मान्यता मिळाली. त्याचे अधिकृत शीर्षक असे ठरले: ‘१९९१ ते २००० या कालखंडात प्रस्तुत जिल्ह्यातून प्रसिद्ध झालेल्या निवडक मराठी दिवाळी अंकांतील जाहिराती आणि कथा यांच्या परस्परसंबंधांचा चिकित्सक अभ्यास (गणेशोत्सवाच्या स्मरणिका वगळून)’. नोंदणी अर्जातल्या रकान्यात ते ‘निवडक’पर्यंतच मावले. लिपिक महोदयांनी पुरवणी जोडायला सांगितली. पुरवणीचा नमुना वेगळा असून त्याच्या पहिल्या रकान्यात विषयाचे संपूर्ण शीर्षक लिहायचे असते, आणि तो रकाना अर्जातल्या रकान्यापेक्षा लहान आहे.