सिनेमाला पैसे द्या, पण आधी द्या

सामाजिक विषयावर स्वतंत्रपणे सिनेमा करणाऱ्यांना आपल्याकडे कौतुक मिळतं, पुरस्कार मिळतात, कधीमधी पैसेही मिळतात. पण हे सगळं सिनेमा पुरा झाल्यावर. विषय नुसता डोक्यात घोळत असतो, त्या माणसांमध्ये जाऊन राहायचं असतं, तेव्हा हातावर कुणी दहा हजारही ठेवत नाही. मी माहितीपटांचं संकलन करते. फुटेज टेबलावर आलं की पहिल्या तासाभरात कळतं, या माणसाला वेळ मिळाला होता की नाही.

अनुदान म्हटलं की आपल्याला मराठी चित्रपटांचं सरकारी अनुदान आठवतं. त्याच्यावर अनेक निर्माते तगले, हे मान्यच आहे. पण त्याची रीत बघा. आधी चित्रपट पूर्ण करायचा, सेन्सॉर करून घ्यायचा, मग परीक्षण समिती तो बघणार. ‘अ’ दर्जा मिळाला तर ४० लाख, ‘ब’ मिळाला तर ३० लाख, असं गणित वर्षानुवर्षं चालत आलंय. म्हणजे चित्रपट पुरा करण्याइतका पैसा ज्याला उभा करता आला, त्याच्यापर्यंतच ही योजना पोचते. ज्याला सुरुवातच करता आली नाही, तो हिशेबातच नाही.

बीड जिल्ह्यातल्या एका मुलीच्या माहितीपटावर सध्या माझं काम चालू आहे. तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे, ती स्वतः कोपीत, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, वाढली. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, गावाचं तोंड दिसत नाही. हिला एक अख्खा हंगाम टोळीबरोबर काढायचा होता. मग पावसाळ्यात त्याच बायकांच्या गावी जाऊन राहायचं होतं, कारण पुढच्या उचलीची बोलणी तेव्हा सुरू होतात. विषयच वर्षभराचा आहे. तो सहा महिन्यांत बसवायचा म्हटलं तर त्याचा अर्धा भाग गळून पडतो.

एका मोठ्या कंपनीच्या सीएसआर विभागाकडे, म्हणजे सामाजिक कामावर खर्च करणाऱ्या विभागाकडे, तिनं अर्ज केला. विषय त्यांना आवडला, मग अटी आल्या. ३१ मार्चच्या आत फिल्म पुरी करून खर्चाचा हिशेब द्यायचा. लाभार्थी किती, हा रकाना भरायचा. शेवट सकारात्मक हवा. प्रवास-मुक्कामाचा खर्च निम्म्यावर आणायचा, कारण शूटिंग आठवडाभरात उरकायला हवं. मार्चमध्ये तर फडावर तोड चालूच असते, ती फिल्म संपवणार कशी? तिनं तो पैसा घेतला नाही. शिकवण्या घेतल्या, लग्नांचे व्हिडिओ शूट केले आणि चार पैसे जमले की टोळीकडे जात राहिली. तिची जिद्द मोठी आहे, पण तिच्यावर ही वेळ आली याचा मला राग येतो.

तिच्या फुटेजमधला एक तुकडा सांगते. सुरुवातीच्या सगळ्या शूटमध्ये बायका कॅमेरा दिसला की पदर सावरून बाजूला होतात. ‘आमचं काय घेताय’ म्हणतात. पुरुष पुढे येऊन बोलतात, तेही मुकादमाचा अंदाज घेत घेत. फेब्रुवारीतल्या एका पहाटे मात्र एक बाई तीन दगडांच्या चुलीपुढे बसून भाकरी थापते आहे. उजेड तेवढा चुलीचाच. कॅमेऱ्याकडे तिचं लक्षच नाही, त्याची तिला सवय झालीय. भाकरी उलटता उलटता ती सांगते, पाळीतसुद्धा सुट्टी नाही, एक खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, म्हणून पिशवी काढून टाकली. वय तिशीच्या आतलं. मग आपल्या लेकीला म्हणते, ‘मीठ दे गं इकडं’, आणि पुढचा गोळा हातात घेते.

बीडच्या या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या २०१९ मध्ये देशभर गाजल्या, सरकारनं समितीही नेमली. तेव्हा आपण सगळ्यांनी ते वाचलं. तरी ती बाई ज्या सहजपणे हे सांगते आणि मग मीठ मागते, ते ऐकल्यावर मला तो सीन कापायचा धीर झाला नाही. आठवडाभराच्या शूटिंगमध्ये काय मिळालं असतं, तेही मला माहीत आहे. उसाच्या फडावरून ड्रोन, एका तज्ज्ञाची मुलाखत आणि मुकादमाच्या समोर बसवलेल्या दोन बायका.

सुरुवातीच्या पैशानं काय होतं, याचं आपल्याच भाषेतलं मोठं उदाहरण म्हणजे चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’. एका लोकशाहिरावरच्या खटल्याची गोष्ट. पटकथा लिहून व्हावी म्हणून निर्माते विवेक गोम्बर यांनी दिग्दर्शकाला दरमहा ठरावीक रक्कम दिली. खालच्या कोर्टांत जाऊन बसायला, तिथलं कामकाज बघायला, लिहायला त्याला मोकळीक मिळाली. पुढे रॉटरडॅमच्या ह्युबर्ट बाल्स फंडाचीही मदत झाली. २०१४ मध्ये व्हेनिसला पारितोषिक, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ. त्या महिन्याच्या पैशांशिवाय ‘कोर्ट’ इतका बारकाईनं लिहिला गेला असता, असं मला वाटत नाही. आणि मुंबईच्या शाहिराच्या गोष्टीला नेदरलँड्समधला फंड हात देतो, तर पुण्या-मुंबईतल्या आमच्या ट्रस्टना ते का जमू नये, हा माझा साधा प्रश्न आहे.

परदेशी फंड आहेत, आणि चांगले आहेत. फोर्ड फाउंडेशननं २०११ मध्ये ‘जस्टफिल्म्स’ सुरू केलं. सनडान्सचा माहितीपटांसाठीचा फंड आहे, ॲमस्टरडॅमचा इडफा बर्था फंड आहे. पण बीडमधल्या केजजवळच्या गावात राहणाऱ्या मुलीला त्यांच्यापर्यंत पोचायचं तर आधी सफाईदार इंग्रजी लागतं, मग ओळखीपाळखी लागतात. परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी किंवा आगाऊ परवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्या संस्थेलाही तो पैसा पुढे दुसऱ्या कुणाकडे वळता करता येत नाही. म्हणून ज्यांचं घर आधीच पुण्या-मुंबईत आहे, तेच ऊसतोडीवर फिल्म करायला जातात. त्यांनी जाऊ नये असं मी म्हणत नाही. पण जी मुलगी कोपीत वाढली, तिच्यासमोर बायका वेगळं बोलतात, हे मी स्क्रीनवर रोज बघते आहे.

मग पैसा कुणी द्यायचा? ‘मंथन’चं उदाहरण आपण नेहमी देतो. गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि १९७६ मध्ये श्याम बेनेगलांचा तो चित्रपट आला. मला हे उदाहरण फार प्रिय आहे. फक्त त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, ज्यांनी पैसे दिले त्यांच्याच चळवळीची ती गोष्ट होती. ऊसतोड मजुरांवरच्या फिल्मला साखर कारखान्यानं पैसे दिले तर मुकादमाबद्दल, वजनकाट्याबद्दल कुणी मोकळेपणानं बोलेल का? म्हणून देणारा आणि विषय यांच्यात अंतर राहील अशी सोय हवी. पैसा ट्रस्टमध्ये जमा व्हावा, निवड सिनेमा जाणणाऱ्या स्वतंत्र माणसांनी करावी, आणि रफ कट, म्हणजे संकलनाचा कच्चा आराखडा, बघून ‘हे वाक्य काढा’ म्हणायचा अधिकार देणाऱ्याला नसावा. ही शेवटची अट मी कधीच सोडणार नाही.

कंपन्यांचं बोलायचं तर २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे, त्या कलमाखाली येणाऱ्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. नुसती जाहिरात किंवा टीव्ही कार्यक्रमाचं प्रायोजकत्व त्यात धरता येत नाही, हे सरकारनं २०१४ मध्येच परिपत्रक काढून सांगितलं. ते योग्यच झालं. पण मार्च एंडचं कारण पुढे करणाऱ्यांनी तोच कायदा पुढे वाचावा. त्यात चालू प्रकल्पाची तरतूद आहे, सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत काम चालू ठेवता येतं. शिक्षण, आरोग्य, स्त्रियांचं सक्षमीकरण हे विषयही यादीत आहेतच. अशा प्रकल्पाचा भाग म्हणून दोन वर्षांच्या माहितीपटाला जागा करता येते, फक्त तसं बसवून घ्यायची इच्छा हवी.

माझी मागणी छोटी आहे. वर्षाला पाच जणांना प्रत्येकी तीन लाख, फक्त शोध आणि मुक्कामासाठी. फिल्म पुरी करून दाखवायची सक्ती नको. पाचातल्या दोघांना वर्षअखेर कळेल की इथे फिल्म नाही, तर तेही कळू द्या, त्यांनी जमवलेल्या नोंदी आणि ध्वनिमुद्रणं एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊ द्या. आणि अर्ज मराठीत चालावा. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कुठल्याही भारतीय भाषेतला अर्ज घेतं, मग मराठी माणसांच्या ट्रस्टनं इंग्रजी फॉर्म कशाला ठेवायचा? अर्जासोबत ध्वनिमुद्रित निवेदनही चालावं, कारण ज्यांना लिहिण्यापेक्षा बोलून छान सांगता येतं अशी कितीतरी मुलं मी बघितली आहेत.

फिल्म झाल्यावर ती गावोगाव दाखवायलाही पैसा लागतो, त्याचं गणित वेगळं आहे, त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

माझ्या मित्रयादीत ट्रस्टचे विश्वस्त आहेत, कंपन्यांच्या सीएसआर समित्यांवरची मंडळी आहेत, अमेरिकेतल्या नि दुबईतल्या महाराष्ट्र मंडळांचे पदाधिकारी आहेत. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्या. मराठी अर्जाचा मसुदा, निवडीचे निकष, संपादनात ढवळाढवळ न करण्याचं कलम, हे सगळं आम्ही काही संकलक आणि ध्वनिमुद्रक मिळून विनामूल्य करून देऊ. टोळ्या दिवाळीला निघतील, त्यामुळे ज्यांना या हंगामासाठी मदत करायची आहे त्यांनी गणपतीच्या आधी मला मेसेज करा.