नसबंदीनंतरचा सातवा दिवस

आज सकाळी लिफ्टमध्ये बी विंगचे काका भेटले. माझ्या कुत्र्याच्या, गुंड्याच्या गळ्यातला, टाके चाटू नयेत म्हणून घातलेला प्लास्टिकचा कर्णा बघून म्हणाले, "अरेरे, बिचाऱ्याचं पुरुषत्वच काढून घेतलंत की! आणि आता कोंडून कशाला ठेवलंय? टुणटुणीत तर दिसतोय. तळजाई टेकडीवर न्या, पळू द्या जरा."

टुणटुणीत दिसतोय हाच तर ताप आहे हो!

नसबंदी डॉक्टरांनी केली. पुढचे 10 ते 14 दिवस आपले. रोज टेकडीवर तासभर उधळणारा दीड वर्षाचा गावठी गडी दुसऱ्याच दिवशी शेपूट हलवत दारात हजर. टाके पडलेत हे त्याला कोण सांगणार? तिसऱ्या दिवशी मीपण फसले. जेवायला म्हणून कर्णा काढला, तेवढ्यात कुरियरवाल्यानं बेल वाजवली आणि साहेबांनी दिवाणावरून झेप घेतली. संध्याकाळी लिंबाएवढी सूज. रात्री साडेनऊला सहकारनगरात रिक्षा मिळेना. तो मांडीवर कण्हतोय, मी रडतेय. डॉक्टर ओरडले नाहीत, ते जास्त लागलं.

म्हणून आता दिवाणाची गादी जमिनीवर आली आहे आणि मीपण. फिरणं म्हणजे पट्टा धरून पाच मिनिटं, शी-शू करून परत. उडी नाही, जिना नाही, अंघोळ नाही. जुन्या टॉवेलात खाणं गुंडाळून गाठ मारते. तो वीस मिनिटं नाक खुपसून झटापट करतो आणि मग गाढ झोपतो. हुंगूनही कुत्रा दमतो, हे मला या आठवड्यात कळलं. आईला जखमेवर हळद लावायची होती. नाही म्हटलं. शेजारून सल्ला आला, आपलीच आयब्युप्रोफेन द्या अर्धी. अहो, पोटाची आणि किडनीची वाट लागते त्यानं कुत्र्याच्या!

मोठ्या जातीच्या पिल्लांचं जरा उशिरा करावं म्हणतात, मान्य. नंतर वजन वाढतं, तेही मान्य, खाणं मोजून देऊ. पण पावसाळ्यात गाड्यांखाली पिल्लं चिरडतात तेव्हा हे पुरुषत्ववाले कुठे असतात? आणि काकांनी निश्चिंत असावं. ऑपरेशननंतरही काही आठवडे पिल्लं होऊ शकतात, म्हणून सध्या माद्यांपासून लांबच ठेवायला सांगितलंय. पुरुषत्व इतक्यात काही मावळत नाही.

असो. चिडून लिहिलं खरं, पण त्यांचा मोती गेल्यापासून काका खिशात बिस्किटं बाळगतात, हे मला माहीत आहे. आजही कर्ण्यात हात घालून त्यांनी गुंड्याला कानामागे खाजवलं. तो खूश होऊन त्यांच्या अंगावर उडी मारायला निघाला आणि माझ्या डोळ्यांसमोर ते लिंबू आलं. मी पट्टा असा खेचला की काका दचकले.

उद्या सकाळी सातला आम्ही परत लिफ्टनंच उतरणार. जिन्याची मनाई त्याला आहे, काकांना नाही.