पुरळ दिसेपर्यंत उशीर झालेला असतो
'लस घ्यायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, आजारी पडल्यावर घरी थांबलं की जबाबदारी संपली' हे लस आणि हक्कांवरच्या लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. गोवरात अंगावर पुरळ उठायच्या ४ दिवस आधीपासूनच माणूस संसर्ग पसरवत असतो. रुग्ण निघून गेल्यावरही विषाणू खोलीच्या हवेत २ तासांपर्यंत टिकतो. मग घरी थांबणार तरी कधी?

माझ्या मुलीला ७ महिन्यांची असताना गोवर झाला. पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर मिळणार होता, म्हणजे तोवर तिची सगळी भिस्त आजूबाजूच्यांनी लस घेण्यावर. (गोवर रोखायला सुमारे ९५ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात.) कित्येक रात्री तिचा श्वास मोजत बसले होते मी. सक्ती मलाही नकोशी वाटते, पण हक्कांवरच्या एवढ्या मोठ्या लेखात तिच्यासारख्या बाळांच्या हक्काला एक ओळही नसावी?