"जंगलात कोण झाडू मारतं?" या फॉरवर्डला उत्तर

पानगळ सुरू झाली की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. त्यात म्हटलंय की बागेतली पडलेली पानं गोळा करणं हा निव्वळ अडाणीपणा. जंगलात कोणी झाडू मारत नाही तरी जंगल हिरवंगार असतं, पानांचं आपोआप खत होतं, त्यांच्यामुळे रोगबिग काही होत नाही, थर जेवढा जाड तेवढं तण कमी, पानं उचलली की त्यातले किडे आणि फुलपाखरं मरतात, फारच वाटलं तर गवत कापायचं मशीन फिरवून चुरा करा पण उचलू नका, कारण उचलणारे सगळे शेवटी ती जाळतात नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून कचऱ्यात देतात. खाली "निसर्गाला त्याचं काम करू द्या" आणि हात जोडलेले इमोजी.

हेतू चांगलाय, आणि अर्ध्या गोष्टी खऱ्याही आहेत, म्हणूनच हा मेसेज जास्त पटतो. गडबड अशी की पान बागेबाहेर टाकू नका आणि पानाला हातच लावू नका या दोन वेगवेगळ्या गोष्टी यात एकात एक घुसवल्यात. पान बागेतच राहावं, कबूल. पण पडलं तिथेच राहावं असं काही नाही, आणि बागकामाचं अर्धं कौशल्य तर इथलं उचलून तिथे नेण्यातच असतं.

तर पहिला मुद्दा, जंगल. अहो जंगलात लॉन नसतं! दाट झाडीच्या जंगलात खाली बघा, आपल्या लॉनसारखं आखूड दाट गवत जवळपास दिसणारच नाही, एक तर सावली आणि दुसरं म्हणजे हाच पानांचा थर. तिथे खाली जे उगवतं ते त्या थरातून डोकं वर काढायला सरावलेलं असतं. लॉनच्या गवताला ऊन लागतं, पानगळीच्या दिवसांतही ते अन्न बनवून मुळांत साठवत असतं, त्यावर ओल्या पानांची चादर पडून राहिली की खाली पिवळं पडतं, मग कुजतं, बुरशी धरते. आणि गंमत म्हणजे बागेत पानं पडली तिथे राहतच नाहीत. वारा ती भिंतीच्या कोपऱ्यात, गटाराच्या तोंडाशी, पायऱ्यांखाली नेऊन साचवतो, म्हणजे जिथे नकोत नेमकी तिथे. आता लॉनवर पानं थोडीशीच असतील तर मशीन फिरवून चुरा करणं हा सल्ला बरोबरच आहे, मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत लॉनवर पानांचा असा चुरा करून वर्षानुवर्षं पाहिलंय, गवताचं काही बिघडलं नाही. पण चुरा झाल्यावर मधून गवताची पाती दिसायला हवीत. दिसत नसतील तर जास्तीचं उचला.

"आपोआप खत होतं." यावर जरा सविस्तर बोलूया, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच आहे.

झाड पान टाकतं ते भरलेलं ताट फेकल्यासारखं नाही टाकत. पान पिवळं पडायला लागतं तेव्हा झाड आतला हिरवा रंग मोडून त्यातला माल परत आत ओढून घेत असतं, नायट्रोजन आणि फॉस्फरस साधारण निम्मा किंवा त्याहून जास्त परत जातो. कॅल्शियम मात्र परत फिरत नाही, ते पानातच राहतं. म्हणजे खाली पडतो तो मुख्यतः कार्बन आणि वर थोडी खनिजं. कंपोस्ट पटकन व्हायचं तर कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण 25 ते 30 ला 1 असं लागतं, सुक्या पानांत ते 40 ते 80 ला 1 असतं, म्हणून नुसत्या पानांचा ढीग महिनोन्‌महिने तसाच बसून राहतो आणि लोक म्हणतात आमचं कंपोस्ट होतच नाही. त्यात कापलेलं ओलं गवत मिसळलं की काम सुरू होतं कारण गवतात नायट्रोजन भरपूर असतो.

शिवाय सगळी पानं सारखी नसतात हो. शेवग्याची बारीक पानं बघता बघता मातीत जिरतात, आंब्याची, फणसाची किंवा ओकची जाड चामडी पानं वर्ष-दोन वर्षंही दम धरतात. अशी मोठी पानं अख्खीच्या अख्खी एकावर एक चिकटून बसली की पाऊस वरून घरंगळून जातो आणि खालच्या मातीला हवाही मिळत नाही. आणि खत लवकर व्हावं म्हणून सुकी पानं मातीत खणून मिसळायचा उद्योग करू नका, ती कुजवणारे जीवाणू आणि बुरशी मातीतलाच नायट्रोजन उचलतात आणि वरची रोपं पिवळी पडतात. नुसती वर पसरली तर हा त्रास जवळपास होत नाही, जिथे पान मातीला टेकतं तेवढ्या पातळ थरापुरताच. म्हणजे "वर राहू द्या" हे मेसेजचं म्हणणं इथे बरोबर निघालं, पण कारण त्याने सांगितलंच नाही.

मातीत ओढायचं काम गांडुळं करतात. चार्ल्स डार्विनने 1881 साली गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात गांडुळं पान बिळात कुठल्या बाजूने ओढतात ते त्याने मोजून काढलंय, बहुतेक पानं टोकाकडून ओढली जातात कारण तशी ती सहज आत जातात. कागदाचे त्रिकोण कापून ठेवून पण बघितलं त्याने! पण गांडुळांच्याही भरवशावर चामडी पानांचा वीतभर थर सोडून देता येत नाही, ती आधी मऊ पडायला हवीत.

मग करायचं काय? जाळीचं एक गोल कुंपण करा, त्यात पानं ओली करून दाबून भरा आणि विसरून जा. हा ढीग कंपोस्टसारखा गरम होत नाही, इथे काम मुख्यतः बुरशीचं असतं, वर्ष-दोन वर्षांत काळी भुसभुशीत पानमाती तयार होते. चांगला बारीक चुरा करून भरलात तर दहा पोत्यांचं जवळपास एक पोतं होतं आणि कुजायलाही कमी वेळ लागतो. फक्त तिला खत समजू नका, अन्नद्रव्यं तिच्यात बेताचीच असतात, तिचा खरा गुण म्हणजे पाणी धरून ठेवणं आणि माती मोकळी करणं. रोपाला खायला द्यायचं तर शेणखत, कंपोस्ट वगैरे वेगळं द्यावंच लागतं.

आता "रोगबिग काही नाही". हे सरळसरळ चूक. गुलाबावर काळे ठिपके पाडणारी बुरशी पडलेल्या पानांवर तग धरते, सफरचंदावरचा स्कॅब, म्हणजे खपल्या पाडणारा बुरशीचा रोग, तर पडलेल्या पानांतच हिवाळा काढतो आणि वसंतातल्या पावसात त्याचे बीजाणू उडून नव्या कोवळ्या पानांवर बसतात. म्हणूनच सफरचंदाच्या बागांमध्ये पडलेल्या पानांचा चुरा करतात किंवा त्यांच्यावर युरियाचं पाणी फवारतात, म्हणजे ती वसंताच्या आत कुजून संपतात. तेव्हा ठिपकेवाल्या गुलाबाखालचं पान न पान वेचायचं, तिथे निसर्गाला त्याचं काम करू दिलं तर निसर्ग बुरशीच्या बाजूने काम करतो. पण म्हणून सगळी पानं रोगट असंही नाही बरं का, हे रोग बहुतेक आपलं आपलं झाड धरून असतात, गुलाबाचे ठिपके आंब्यावर जात नाहीत. अशी पानं कंपोस्टमध्ये घालायची असतील तर ढीग 55 अंशांच्या वर काही दिवस टिकायला हवा आणि खालवर करून कडेचा मालही मधे यायला हवा, घरच्या छोट्या ढिगात ते क्वचितच जमतं. ढीग तेवढा तापत नसेल तर ती त्यात घालूच नका.

"थर जेवढा जाड तेवढं तण कमी" हे एका मर्यादेपर्यंत ठीक. चुरा केलेली पानं 5 ते 8 सेंटीमीटर, बस्स. बुंध्याला चिकटून ढीग घातला तर साल सतत ओली राहून कुजते, उंदरांना आडोसा मिळतो आणि ते साल कुरतडतात. छोटी रोपं, बियांतून आपसूक येणारी फुलझाडं पण त्याखाली गुदमरतात. आणि लव्हाळा? तो प्लास्टिकमधून आरपार येतो, तुमच्या पाचोळ्याला काय भीक घालणार.

किड्यांचा मुद्दा मात्र मेसेजमधला सगळ्यात खरा. काजव्यांच्या अळ्या पाचोळ्यात फिरून गोगलगायी खातात, ल्युना मॉथसारखे पतंग पानातच कोश गुंडाळतात आणि तो पानांसोबत खाली पडतो, बंबलबीच्या, म्हणजे केसाळ गुबगुबीत मधमाश्यांच्या, राण्या थंडीत पाचोळ्याखालच्या मातीत झोपतात. हे सगळं खरं. पण मग त्याच मेसेजमध्ये "मशीन फिरवून चुरा करा" कसं काय? कोशासकट पानाचा चुरा केलात तर कोण वाचणार आहे त्यात? या दोन गोष्टी एकाच जागी होत नाहीत, जागा वाटून द्यावी लागते. लॉनवरची पानं पडल्या पडल्या चुरा करा किंवा उचला, आणि झुडपांखाली, कुंपणाच्या कडेला अख्खी पानं दाताळ्याने हलक्या हाताने सारून तशीच राहू द्या, हवेत नीट ऊब येईपर्यंत तिकडे हातही लावू नका. फक्त मुलं खेळतात तिथून हा पट्टा लांब हवा, पाचोळ्यात गोचिड्याही असतात. आणि घराच्या लाकडी भागाला टेकून तर नकोच, वाळवीला निमंत्रण कशाला द्यायचं.

जाता जाता, उचलायला ब्लोअर (हवेच्या झोताने पानं उडवणारं यंत्र) वापरत असाल तर किड्यांचा कळवळा जरा बाजूला ठेवा, वरची सुटी मातीही तो उडवून नेतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा, म्हणजे तिथल्या हवा-प्रदूषण खात्याचा, हिशोब असा की मोठा पेट्रोल ब्लोअर एक तास चालवला की धुरकं तयार करणारं जेवढं प्रदूषण होतं तेवढं 2016 ची टोयोटा कॅमरी गाडी साधारण 1770 किलोमीटर चालवल्यावर होतं. खराटा आणि ताडपत्री पुरते हो, पानं ताडपत्रीवर ओढायची आणि चार टोकं धरून न्यायची.

"उचलणारे सगळे जाळतात." जाळू नयेच, यात वाद नाही. पानांच्या धुरात बारीक कण, कार्बन मोनॉक्साईड, बेंझोपायरीनसारखे घातक पदार्थ असतात, ओली पानं असली तर धूर अजून जास्त, आणि उरलासुरला नायट्रोजनही हवेत उडून जातो, हातात राहते फक्त क्षारयुक्त राख. कचराभूमीत दाबली गेली तर हवेशिवाय कुजून मिथेन होतो. पण हातात खराटा आहे म्हणजे खिशात काडेपेटी असणारच, हे कुठलं लॉजिक?

काही जागा तर मेसेजमध्ये आल्याच नाहीत, तिथे पानं काढावीच लागतात. वाटा आणि पायऱ्या, कारण ओलं पान घसरतं. छताच्या पन्हळी, कारण तुंबल्या की पाणी भिंतीत मुरतं, आणि सुकी पानं साचली तर आगीची भीती. आणि तळं असेल तर तळं, पानं पाण्यात कुजताना विरघळलेला ऑक्सिजन खातात आणि मासे वर येऊन तोंड उघडतात. पानगळीच्या आधीच वर जाळी ताणलेली बरी. पडलीच तर बाहेर काढून रात्रभर काठावर राहू द्या, म्हणजे त्यात अडकलेले जीव परत पाण्यात उतरतात, मग दुसऱ्या दिवशी ती पानमातीच्या ढिगात टाका, ओली असतातच, पाणी मारायचंही काम नाही.